दुसरं काही घालू नका

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि तू आजी झाल्याची बातमी पक्की झाली. जावयांनी फोटो केव्हाच पाठवला होता, पण तुझ्या अक्षरात वाचेपर्यंत मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. शिवाय तुझ्या कानांमुळे फोनवर अर्धा वेळ तू ‘काय, काय’ करण्यात घालवतेस आणि उरलेला अर्धा मी ओरडण्यात. पत्रात निदान माझं बोलणं मला पुरं करता येतं. लहानपणी तू ते कधी करू दिलं नाहीस.

मिनी बरी आहे ना? झोप मिळते का तिला? माझ्या डोळ्यांपुढे ती अजून सुट्टीत माझ्याकडे येऊन कात्रणांच्या ढिगात झोपून जाणारी पोर आहे. मला मूल झालं नाही, पण तुझ्या लेकीमुळे या घरात एक लहान उशी कायम राहिली. तिच्या बाळाला कपडे शिवायचे म्हणून मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बाळांवर हात साफ करून घेतला, असंच समज.

सोबतच्या पार्सलात झबली, टोपडी आणि दुपटी आहेत. नुसती बघून कपाटात ठेवू नकोस. झबलं डोक्यातून घालायचं नाही. पुढून एका बाजूवर दुसरी बाजू येते आणि बंद काखेजवळ बांधायचा, म्हणजे मान न धरलेल्या बाळाशी कुस्ती खेळावी लागत नाही. शिवणी मुद्दाम बाहेरून घेतल्यात, आत अंगाला नुसतं सपाट कापड. बटण नाही, चेन नाही, मानेला टोचणारं लेबल नाही. बाह्यांना आत जादा दुमड ठेवली आहे, बाळ वाढेल तशी ती उसवत जायची. एक कपडा वर्षभर पुरला पाहिजे, नाहीतर पर्यावरणाच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. आणि हो, छातीवर एक खिसा आहे. त्यात बाळ काय ठेवणार, असं तू विचारशीलच. काही नाही ठेवणार. ती ऐट आहे. बाळांनाही ऐट असावी.

रंग डाळिंबाच्या सालीचा. साल उकळलेल्या पाण्यात सुती कापड भिजवलं की असा उन्हातल्या भिंतीसारखा पिवळा येतो. कापसाला फवारणी नाही, कापडाला ब्लीच नाही. जुनं झालं की बागेत पुरा, मातीत मिसळून जाईल. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की शिलाईवाल्या बायका माझ्यामागे माझी नक्कल करतात.

मोठी बातमी शेवटी. ज्या दुकानाच्या काचेसमोर उभ्या राहून आपण दोघी नुसतं बघायचो, त्या दुकानाने माझे कपडे घेतले! त्यांच्या खरेदी बघणाऱ्या बाईंनी झबलं उलटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं की इतके दिवस कुठे लपला होतात. मागणी एवढी आहे की माझी झोपच उडाली होती, पण आमच्या साहेबांनी कापडाची आणि रंगाची सगळी धावपळ स्वतःकडे घेतली. रंगारी काकांकडची ये-जा आता तेच करतात. मी चित्रं काढायची, कापायचं आणि कौतुक करून घ्यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा कामाला आला बघ.

तुझ्या मायेतला माझा वाटा नातवाला देऊन टाकू नकोस, थोडा इकडेही येऊ दे.

तुझी,
बिट्टी

२६ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. मिनीने दोरी कापायची वाटही पाहिली नाही, दातांनी सोडली. मग एकेक झबलं अंथरुणावर मांडून त्यांच्याकडे बघत बसली आणि रडली. बाळंतिणीला रडायला काहीही पुरतं म्हणा, पण हे तुझ्यासाठी होतं. माझ्या मावशीने केलंय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शेजारीण परवा विचारत होती की हे परदेशातून मागवलं का, तर मिनी म्हणाली की नाही, आमच्या घरातूनच.

बाळाचं नाव अजून ठरत नाही. तोवर त्याला गब्दुल म्हणतो आम्ही. नाव त्याला शोभतं. बांधायला सोपं झबलं केलंस ते बरं झालं. आंघोळ मीच घालते, मीच पुसते, मीच कपडे चढवते. सकाळी हे सगळं उरकून शाळेत जाते आणि वाचनालयातल्या पुस्तकांवर डुलक्या काढते. खिशात मी त्याचं एक बोट घालून ठेवलं होतं. कुठल्याशा हाफिसातला साहेब दिसत होता.

एक विचारते, रागावू नकोस. त्याच्या मानेला आणि काखेत पुरळ आलंय. लालसर, बारीक. मिनी म्हणते उकाड्याने आलं असेल, सगळ्याच बाळांना येतं. मी जरा धीर करून म्हटलं की नव्या कपड्यांमुळे तर नसेल, तर माझ्यावर अशी उसळली की विचारू नकोस. मावशीच्या कपड्यांनी होईल का, म्हणे, ती तर कपाशीच्या झाडापासून सगळं तपासते. तरी तुझ्या कानावर घातलं. कपड्यातलं तुला कळतं.

तुझ्या साहेबांना आशीर्वाद सांग. बायकोचं ओझं उचलणारा माणूस मला आवडतो.

दुकानाच्या काचेत तुझे कपडे लागले की फोटो पाठव. जिवाला जप, जेवत जा, आणि इथे तुझी वाट बघणारी तोंडं आता एकाने वाढली आहेत हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या कपड्यांमुळे पुरळ? ताई, आजी झालीस तशी अक्कल थोडी मागेच राहिली वाटतं. मिनीला सांग, मावशीतर्फे आईचा कान धर.

आता नीट ऐक. बाळाची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. तिला सोसत नाही ते बाजारातलं चकचकीत कापड, त्यातला कडक रंग, कपडे कडक दिसावेत म्हणून चोपडलेली औषधं. तुमच्याकडे आलेल्या आहेरातलं असलं काहीतरी त्याच्या अंगाला लागलं असणार. ते सगळं बाजूला काढा. माझीच झबली घाला, माझ्याच दुपट्यात गुंडाळा. दुसरं काही घालू नका. मोकळं सुती कापड अंगाला लागलं की दोन-चार दिवसांत कातडी स्वच्छ होते, मी कितीतरी बाळांची पाहिली आहे. आणखी झबली पाठवते आहे म्हणजे धुण्यात असली तरी कमी पडायची नाहीत.

ही नवी झबली बघच तू. या खेपेचा पिवळा इतका खोल आणि एकसारखा आलाय की मी तागा उलगडून नुसती बघत राहिले. एका कोपऱ्यात फिका, दुसऱ्यात गडद, असं काहीच नाही. रंगारी काकांचा हात या वयात बसला म्हणायचा. साहेबांना म्हटलं, काकांना माझा नमस्कार सांगा, मी वेळ मिळाला की स्वतः जाऊन पाया पडेन. वेळ मात्र नाही. दुकानात कपडे लागलेत. फोटो सोबत आहे. काचेत माझं प्रतिबिंब आलंय ते चुकून आलेलं नाही.

काल तिथे एक बाई आपल्या सुनेला माझी दुमडलेली बाही दाखवून समजावत होती. मी शेजारी उभी राहून अनोळखी असल्यासारखी ऐकत होते. ताई, आई असती तर तिला हाताला धरून नेलं असतं तिथे.

गब्दुलच्या पायाच्या तळव्यांना माझा पापा. माझ्यावर शंका घेतल्याबद्दल तुला मात्र या खेपेला काही नाही, पुढच्या पत्रात बघू.

तुझी,
बिट्टी

१९ मार्च

चि. बिट्टीस,
आशीर्वाद.

जावयांनी तुला निरोप दिला असेलच. बाळाला दवाखान्यात ठेवलंय. पुरळ उतरलं नाही, पसरलं. पाठीवर, पोटावर फोड आले, ते फुटले, आणि परवापासून ताप. रक्तात जंतू गेलेत असं म्हणतात. हाताला सुई लावली आहे, ती हलू नये म्हणून हात फळकुटाला बांधलाय. एवढासा हात.

तुझं पत्र आल्यापासून आम्ही दुसरं काही घातलं नव्हतं. तू लिहिलंस तसंच. मिनीने तर आहेरातलं सगळं गाठोडं बांधून माळ्यावर टाकलं. फोड आले तेव्हा तिने तुझी जास्त मऊ झबली निवडून काढली आणि दिवसातून दोन-तीनदा बदलायला लावली, अंगाला ओलं राहू नये म्हणून. मीच बदलत होते. कापड सुटताना तो कळवळायचा.

डॉक्टरांनी आज विचारलं की बाळ काय घालतं. मी त्यांना सांगितलं, त्याची काळजी करू नका, ते माझ्या बहिणीचे कपडे आहेत. त्यांनी एक झबलं मागून घेतलं आणि पिशवीत घालून ठेवलं.

मी तुला दोष देत नाही, हे आधी वाच. फक्त तुला येता आलं तर ये. मिनी कोणाशी बोलत नाही. तू आलीस तर बोलेल.

तुझ्यावरच सारी भिस्त.

ताई

२३ मार्च

ताई,

जावयांना मी आधीच निरोप दिला आहे की माझा एकही कपडा बाळाच्या अंगाला लावू नका. का, ते तुला सांगते. मी परवा येते आहे, पण हे पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून कुरियरने धाडते, कारण हे तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने दवाखान्यात ओरडून सांगणं मला जमणार नाही.

तुझं पत्र वाचून झालं आणि मला आधी तुझा राग आला. झबलं पिशवीत ठेवलं म्हणजे काय, माझ्यावर खटला भरतायत का, असा. मग सिद्ध करायचं म्हणून कारखान्यात गेले. आमच्याकडे गंजलेले खिळे भिजवलेलं पाणी असतं. पिवळ्याचा राखाडी करायचा तर ते वापरतो. डाळिंबाच्या सालीच्या रंगावर त्याचा थेंब पडला की तिथल्या तिथे काळपट डाग पडतो. जुन्या कापडाच्या तुकड्यावर टाकला, पडला. मग नव्या ताग्यावर टाकला. थेंब तसाच बसून राहिला, मग जिरला, वाळला. काही झालं नाही. दुसऱ्या टोकाला टाकला. मधे टाकला. शेवटी सगळी बरणी ओतली त्या ताग्यावर. ताई, तो पिवळाच राहिला.

तशीच उठून रंगारी काकांकडे गेले. कढया पालथ्या घालून ठेवलेल्या, त्यांच्यावर कोळ्यांची जाळी. काकांनी मला बसायला दिलं आणि अदबीने विचारलं की त्यांचं काही चुकलं होतं का, कारण थंडीपासून आमच्याकडून काम आलेलं नाही. मी रंगासाठी त्यांना नमस्कार पाठवत होते, ताई. ते रिकाम्या कढयांजवळ बसले होते आणि मी नमस्कार पाठवत होते.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही. काका एवढं कापड वेळेत रंगवूच शकत नव्हते, म्हणाला. दुकानाची मागणी हातची गेली असती तर मी खचले असते, ते त्याला बघवलं नसतं, म्हणून एका गिरणीतून तयार रंगवलेलं कापड उचललं. नमुना जुळवून घेतला. मलाही ओळखता आलं नाही याचा त्याला आधी आनंद झाला होता, असं तो म्हणाला. त्या रंगात काय असतं हे त्याने विचारलं नव्हतं. बाळांना रंग कळत नाही, आयांना कळतो, आणि आयांनाही फोटोत दिसतो तेवढाच कळतो, असं म्हणाला. मग रडला. माझ्यासाठी केलं, म्हणाला. ते खोटं नाही हेच वाईट आहे.

ज्या कापडावर माझा हात रोज फिरत होता ते मला कळलं नाही. बोटांना कळलं नाही. आणि त्यावर मी तुला लिहिलं की दुसरं काही घालू नका.

हे मिनीला तू सांगू नकोस. मी सांगेन.

बिट्टी

८ एप्रिल

चि. बिट्टीस,
आशीर्वाद.

बाळ घरी आलंय. हे पहिलं लिहिते म्हणजे तू पुढचं श्वास घेऊन वाचशील.

तू आलीस, वॉर्डाच्या दारातल्या काचेतून बघितलंस आणि निघून गेलीस. मिनीने पडदा ओढला तो तुला बघूनच ओढला, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मी तुझ्यामागे जिन्यापर्यंत आले होते. तू खाली पोचली होतीस, तुझं डोकं दिसत होतं. मी हाक मारली नाही. का मारली नाही ते मला माहीत आहे, आणि बहुतेक तुलाही.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. पण जावयांना तुझा निरोप गेलाच होता, आणि ती माझीच मुलगी आहे, तोंडावरून ओळखते. पत्र मागितलं, मी दिलं. वाचून तिने ते घडी करून परत दिलं आणि बाळाची दूध प्यायची वेळ झाली का ते विचारलं. त्या दिवसापासून या घरात तुझं नाव निघालेलं नाही.

डॉक्टरांचं म्हणणं असं की रंगाने झालं असेल किंवा बाळाची कातडीच मुळात तशी असेल, रंगाचं फक्त निमित्त झालं असेल. फोडांतून जंतू शिरले हे नक्की. पण फोड कशाने आले हे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही, म्हणाले. मला वाटलं होतं एकदा काय ते कळेल. आता कळणार नाही. मिनीला मात्र कळलंय, तिला डॉक्टरांची गरज नाही.

मानेवर आणि पाठीवर पांढरट चट्टे राहिलेत. ते जातील म्हणतात. पण बिट्टी, त्याला कपडा घालता येत नाही. कुठलाही. हातात कापड घेऊन जवळ गेलं की तो आधीच अंग आक्रसून घेतो आणि किंचाळतो, अगदी कोणी मारतंय असा. आम्ही त्याला जुन्या, धुऊन विरलेल्या चादरीवर उघडाच ठेवतो. मी खोलीत गेले तरी रडतो. कपडे चढवणारे हात माझे होते ना.

तू विचारशील की मी रागावले आहे का. दवाखान्यात नव्हते, तिथे वेळ नव्हता. आता आहे. मी तुला विचारलं होतं. शंका आली होती म्हणून भीत भीत विचारलं होतं, आणि तू माझी थट्टा केलीस. एकदा, फक्त एकदा, तो तागा तपासून बघावा असं तुला वाटलं नाही. तुझ्या नवऱ्याने फसवलं हे खरं, पण मला तू फसवलंस, तुला ठाऊक नसताना का होईना. आणि मी तुझी थोरली बहीण असून तुझ्यावर माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला.

हे फाडून दुसरं लिहायचं होतं. नाही लिहिलं.

ताई

२ मे

ती. ताईस,
नमस्कार. तो तू घ्यावास असा माझा आग्रह नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. इथे काय झालं तेवढं कळवते.

दुकानवाल्यांना मी सांगितलं. त्या खरेदी बघणाऱ्या बाईंनी दार लावून घेतलं आणि मला समजावलं की गाजावाजा करू नका, माल गुपचूप उचलू, विकलं गेलं ते गेलं. कोणाची तक्रार आलेली नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणाल्या. मी तिथून निघून कारखान्याच्या दारावर पाटी लावली, रंगाबद्दल काय झालं ते स्पष्ट लिहून, आणि मोबाइलवर सगळ्या गिऱ्हाइकांना तेच पाठवलं. मग दारात खुर्ची टाकून बसले.

आया येऊ लागल्या. काही भांडल्या, ते सोपं होतं. एकीने बाळाला माझ्या कापायच्या टेबलावर निजवलं, तिथेच त्याचं झबलं सोडलं, टोपडं काढलं, स्वतःच्या ओढणीत त्याला गुंडाळलं आणि कपडे माझ्यासमोर ठेवून गेली. बाळ मजेत होतं, ताई, एक डाग नव्हता अंगावर. माझ्याकडे बघून हसलं. दुसरी एक कपडे द्यायला तयारच होईना. सगळ्यात चांगले कपडे आहेत हे, माझ्या मुलीला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच घाबरवता, म्हणाली. मी तिच्या हातातून ओढून घेतले. मला वेड लागलंय असं ती जाताना कोणाला तरी सांगत होती.

परत आलेल्यांत कुठलं काकांच्या रंगाचं आणि कुठलं गिरणीचं, ते वरून कळत नाही. म्हणून प्रत्येकावर थेंब टाकून बघत गेले. जे खरं होतं त्याच्यावर काळा डाग पडला. जे खोटं होतं ते तसंच तजेलदार राहिलं. शेवटी टेबलाच्या एका बाजूला माझं चांगलं काम सगळं नासलेलं पडलं होतं आणि दुसऱ्या बाजूला तो सुंदर पिवळा.

आता त्या ढिगाचं काय करायचं ते कळत नाही. जाळावं तर त्याचा धूर कुठल्या घरात शिरेल. कोणाला द्यायचा प्रश्नच नाही. मातीत मिसळून जाईल म्हणून मी विकलं, आणि मातीत पुरायचीच भीती वाटते. पोत्यांत भरून ठेवलंय.

शिलाईवाल्या बायकांना दुसरीकडे कामं शोधायला सांगितलं. त्यांच्यात माझी नक्कल करणारी जी होती, ती जाताना माझ्या पाया पडायला वाकली, ते मला सोसलं नाही, मी आत निघून गेले. नवरा त्याच्या भावाकडे राहायला गेलाय. मी हाकललं नाही. तो जेवायला बसायचा आणि मला त्याच्या ताटात वाढता यायचं नाही, हात थांबायचा. त्याला ते दिसलं. काकांकडे गेले होते. मी जे काही सांगितलं ते ऐकून त्यांनी बाळ कसं आहे एवढंच विचारलं. कढया पालथ्याच आहेत.

गब्दुल अजून रडतो का? एवढंच कळव. दोन शब्द लिहिलेस तरी चालेल. मिनीसाठी मी वेगळं पत्र लिहिलं होतं, बऱ्याचदा लिहिलं, धाडलं नाही. तिला माझ्याकडून काही हवं असेल असं वाटत नाही, आणि मला जे हवंय ते मागायचं तोंड मला नाही.

बिट्टी

२० मे

चि. बिट्टीस,
आशीर्वाद. ते मी कधी मागे घेणार नाही, पुढचं वाचलंस तरी.

रडतो, पण पूर्वीएवढा नाही. परवा मिनीने त्याच्या पायावर ओढणीचं टोक टाकलं आणि त्याने ते राहू दिलं. ती बराच वेळ हललीच नाही. पाठीवरचे चट्टे तसेच आहेत. माझ्या हातात अजून येत नाही, मान फिरवतो. येईल, म्हणतात सगळे.

तुझं पत्र दारातून मिनीनेच घेतलं. उघडलं नाही, पण माझ्या हातात देताना बोलली. म्हणाली की आई, मला तुझ्यावर ओरडायचं नाही, पण हे अक्षर मला घरात बघवत नाही. ते बघितलं की तिला आपण फोडांवर झबलं बांधत होतो ते दिवस दिसतात. तिने तुझं ऐकलं म्हणून ती स्वतःला माफ करत नाही, आणि जोवर तुला माफ करायचं नाही तोवरच तिला उभं राहता येतं, असं काहीसं आहे ते. मला नीट सांगता येत नाही. तुझी पत्रं येत राहिली तर ती बाळाला घेऊन दुसरीकडे राहील, असं म्हणाली. धमकी नव्हती ती. थकली आहे गं.

मी एक दिवस विचार करायला घेतला, पण विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. तू पाठची बहीण आहेस आणि ती माझी मुलगी आहे, आणि ते बाळ उघडं पडलंय चादरीवर. म्हणून बिट्टी, या पत्त्यावर लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. किती काळ, ते मला ठाऊक नाही. माझं वय बघता हा विचार मी करत नाही.

माझा राग उतरलाय. उतरला तेव्हा वाटलं होतं की आता हलकं वाटेल. नाही वाटलं.

एकटी राहतेस, तर दार नीट लावून घेत जा. दोन वेळा जेव. तुझ्या नवऱ्याला जमलं तर घरी आण, त्याच्यावर माझं प्रेम नाही, पण घरात कोणीतरी असावं.

तुला लहानपणी मी बोलू दिलं नाही म्हणायचीस. आज मीच तुझं तोंड बंद करते आहे. जवळ असतीस तर डोक्यावरून हात फिरवला असता.

ताई

३० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरच्या पत्त्यावर लिहू नको म्हणालीस म्हणून हे शाळेत धाडते आहे. एकदाच. उत्तर देऊ नकोस. वाचून तिथल्याच एखाद्या जाड पुस्तकात ठेव किंवा टाकून दे.

कारखान्याची जागा सोडली. यंत्रं गेली, कापायचं टेबल मात्र दारातून निघेना, ते आत बसवूनच बांधलं होतं. ते तसंच सोडून आले. आता तिथे कोणी सायकली दुरुस्त करणार आहे.

मला काम मिळालंय. हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे पडदे आणि चादरी शिवतात, तिथे. लांबच लांब सरळ शिवण, कडेने दुमडायचं आणि मारत जायचं. वळण नाही, माप नाही, अंग नाही. कापड कसलं आहे, कुठून आलं, मी विचारत नाही. कोणी विचारतही नाही. पहिल्या आठवड्यात मुकादम म्हणाला की बाईंचा हात फार हळू आहे, शिवण उलटून कशाला बघता, पडद्याला आत-बाहेर सारखंच. आता नाही बघत.

नवरा येऊन जातो. भाजी ठेवतो, थोडा बसतो, जातो. तू सांगितलंस म्हणून त्याला राहा म्हणून बघितलं होतं. राहिला काही दिवस. आम्ही दोघं घरात असलो की कोणीतरी आजारी असल्यासारखे पाय न वाजवता वावरायचो. मग तोच म्हणाला की जातो.

काका गेले. ऑगस्टमध्ये. मला उशिरा कळलं.

एक सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. माझ्या शेजारच्या यंत्रावर एक बाई आहे, बोलकी, चांगली. तिच्या सुनेला दिवस गेलेत. काल दुपारी तिने घरून आणलेलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड माझ्यासमोर पसरलं आणि म्हणाली की तुमचा हात बसलेला दिसतो, नातवंडाला एखादं झबलं शिवून द्याल का, साधंच, कसलंही चालेल. इतकं छान कापड होतं, ताई. मी नुसतं बोटांनी चाचपलं. गळा कुठे घ्यायचा, बंद कुठे येईल, सगळं आपोआप डोळ्यांपुढे आलं.

मी तिला म्हटलं, मला झबलं येत नाही. मी आयुष्यभर पडदेच शिवले.

तिला खरं वाटलं. कापडाची घडी करून तिने पिशवीत ठेवलं आणि म्हणाली की असू द्या, कोणीतरी भेटेल.

तुझी,
बिट्टी